चकचकीत की झिजवलेली? रीइश्यू गिटारचं फिनिश निवडताना

दुकानाच्या भिंतीवर दोन टेलिकास्टर, म्हणजे फेंडर कंपनीच्या इलेक्ट्रिक गिटारी, शेजारी शेजारी टांगल्या आहेत. दोन्ही रीइश्यू, म्हणजे जुन्या, इथे १९५२च्या, नमुन्यावर बेतून नव्यानं बनवलेल्या, दोन्हींचा रंग तोच बटरस्कॉच, काळं पिकगार्डही (तारांखालची संरक्षक पट्टी) तेच. एक इतकी चकचकीत की तिच्यात छतावरची ट्यूबलाइट दिसते. दुसरीचा कोपराखालचा रंग उडालेला, पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे, स्क्रू गंजट. चिठ्ठी उलटून पाहिली तर रंग उडालेली महाग! सोबत वडील आले असतील तर ते हमखास विचारतात, ‘‘अरे, ही वापरलेली दिसतेय. मग जास्त पैसे कसले?’’

प्रश्न रास्त आहे. त्याचं सरळ उत्तर म्हणजे मजुरी. कारखान्यात कोणीतरी बसून ती गिटार हातानं झिजवलेली असते आणि त्या वेळेचे पैसे आपण देतो. हे उसनं म्हातारपण विकत घ्यायचं की कोरी चकाकी घेऊन आपल्या हातानं तिला म्हातारं करायचं, याचा विचार इथे टप्प्याटप्प्यानं करू. माझं मत आधीच सांगून टाकतो. हा निर्णय बॉडीचा पुढून काढलेला फोटो पाहून घ्यायचा नसतो. तो नेकच्या (गिटारच्या लांब दांड्याच्या) पाठीवरून हात फिरवून घ्यायचा असतो, आणि त्याही आधी रंग कशाचा आहे हे विचारून.

हे म्हातारपण आलं कुठून

फेंडरनं १९८२ साली ’५२ची टेलि आणि ’५७, ’६२च्या स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर, फेंडरचं दुसरं प्रसिद्ध मॉडेल) यांच्या रीइश्यू काढल्या, तेव्हा त्या कोऱ्या करकरीत होत्या. जुन्या गिटारची नक्कल म्हणजे ती दुकानात पहिल्यांदा आली त्या दिवसाची नक्कल, असा सरळ हिशोब होता. १९९५च्या जानेवारीत नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात फेंडरच्या कस्टम शॉपनं (खास गिटारी बनवणाऱ्या विभागानं) एक नोकास्टर (टेलिचाच आद्य अवतार) आणि एक मेरी के स्ट्रॅट (स्ट्रॅटचाच एक प्रकार) मांडली. दोन्ही नव्या, पण चाळीस वर्षं वाजवल्यासारख्या दिसणाऱ्या. हे काम मिझूरीतल्या व्हिन्स क्युनेटो यांचं होतं. पुढची चारेक वर्षं कस्टम शॉपच्या बॉडी आणि नेक त्यांच्याकडे जात, रंगवून-झिजवून परत येत. ‘रेलिक’ हा शब्द तिथून रुळला, आणि आज कुठल्याही कंपनीच्या झिजवलेल्या गिटारला सर्रास रेलिक म्हणतात. गिब्सन या दुसऱ्या मोठ्या गिटार कंपनीकडे हेच काम टॉम मर्फी यांच्या नावाशी जोडलं गेलं. २०२१पासून त्यांच्या नावाची ‘मर्फी लॅब’च आहे.

ज्या गिटारींची ही नक्कल, त्या झिजल्या कशानं? वाजवून. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाहरची १९६१ची स्ट्रॅट डोळ्यांसमोर आणा. १९६३मध्ये कॉर्कच्या दुकानात त्यानं ती शंभर पौंडांना जुनीच घेतली, आणि पुढं घामानं नि प्रवासानं तिचा सनबर्स्ट (मध्ये फिका, कडेकडे गडद होत जाणारा रंग) जवळजवळ नाहीसा झाला. आज ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. ती झीज डोळ्यांसमोर ठेवलीत तर दुकानातल्या रेलिककडे जरा कठोर नजरेनं बघता येतं.

पायरी १: नायट्रो की पॉली, हे आधी विचारा

चकचकीत की झिजलेली, हा खरं तर दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न रंगावरचा थर, म्हणजे फिनिश, कशाचा आहे हा.

नायट्रोसेल्युलोज लॅकर, बोलीभाषेत नायट्रो, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून थिनरमध्ये विरघळवलेलं सेल्युलोज. फवारल्यावर थिनर उडून जातो आणि पातळ थर मागे राहतो. त्या थरात रासायनिक गाठ बसत नाही, म्हणून वीस वर्षांनीही त्यावर थिनर पडला तर तो पुन्हा मऊ होतो. गुणही हाच आणि दोषही हाच. गुण असा, की ओरखडा दुरुस्त करताना नवं लॅकर जुन्यात विरघळून एकजीव होतं आणि जोड दिसत नाही. दोष असा, की घाम, अल्कोहोल, रबर, रेक्झिन या सगळ्यांशी त्याचं वाकडं. वर्षं जातात तसं ते पिवळसर होतं, कडक होतं, आणि लाकूड थंडी-उन्हात आकसतं-फुगतं तेव्हा त्याच्याबरोबर ताणलं न गेल्यानं बारीक भेगाळतं. या भेगांना ‘चेकिंग’ म्हणतात. चिनीमातीच्या जुन्या बशीवर जाळी उमटते तसं.

पॉली म्हणजे पॉलीयुरेथेन किंवा पॉलिएस्टर. हे घट्ट होताना आपल्याआपल्यात रासायनिक जाळं विणतात, आणि मग थिनरलाही दाद देत नाहीत. वीस वर्षांनीही चमक तशीच. जोरात आपटली तर टवका उडतो. तो सुपरग्लू थेंबाथेंबानं भरून, घासून बुजवतात, पण जवळून पाहिलं की कळतं. पॉलीची गिटार म्हातारी होत नाही, तिला फक्त अपघात होतात.

यातून चार जोड्या तयार होतात. चकचकीत नायट्रो आज कोरी असते, पण तुम्ही वाजवाल तशी तुमच्यासारखी होत जाते. चकचकीत पॉली जशी घेतली तशीच राहते. झिजवलेली नायट्रो म्हणजे खरी रेलिक. चौथी जोडी झिजवलेल्या पॉलीची. पॉलीवर भेगा नैसर्गिकपणे पडत नाहीत आणि थरही विरत जात नाही, त्यामुळे सँडपेपरनं घासलेल्या जागेच्या कडेला प्लास्टिकच्या बादलीची कड तुटल्यासारखी पायरी दिसते. स्वस्तातली रेलिक म्हणून ऑनलाइन जे दिसतं त्यात हा प्रकार बराच. माझा सल्ला: त्यापेक्षा त्याच पैशांत चकचकीत घ्या.

ओळखायचं कसं? आधी मॉडेलचं तपशीलपत्रक वाचा, तिथे ‘ग्लॉस पॉलिएस्टर’, ‘ग्लॉस युरेथेन’ किंवा ‘नायट्रोसेल्युलोज लॅकर’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. स्क्वायर या फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या क्लासिक व्हाइब मालिकेत पॉली, फेंडरच्या मेक्सिकन व्हिंटेरामध्ये साध्या चकचकीत गिटारींना पॉली आणि ‘रोड वोर्न’ना नायट्रो. अमेरिकन व्हिंटेज टू मालिकेतल्या पन्नास-साठच्या दशकांच्या गिटारी नायट्रोच्या. गिब्सनच्या अमेरिकेत बनलेल्या गिटारींना नायट्रो, एपिफोन या तिच्याच स्वस्त ब्रँडच्या बहुतेक गिटारींना पॉली. आणि नाक वापरा. नवी नायट्रो गिटार केसमधून काढली की थिनरचा गोडसर दर्प येतो, महिनोन्‌महिने येत राहतो. कापसाला ॲसिटोन लावून पाहायची परीक्षा आहे खरी, नायट्रो लगेच मऊ पडतं. पण ती स्वतःच्या गिटारवर, पिकगार्डखाली किंवा नेक बसतो त्या खाचेत. दुकानात केलीत तर ती गिटार तुमचीच झाली समजा.

इथे एक गंमत. फेंडर कंपनी जानेवारी १९६५मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीनं विकत घेतली आणि साठच्या दशकाच्या शेवटाला फेंडरच्या बॉडींवर जाड पॉलिएस्टर यायला लागलं. तेव्हा तुम्हाला सत्तरच्या दशकाची, मोठ्या हेडस्टॉकची (नेकच्या चाव्या असलेल्या टोकाची) स्ट्रॅट हवी असेल तर इतिहासाला धरून असलेलं फिनिश म्हणजे जाड, चकचकीत पॉलीच. अशा गिटारवर सुंदर भेगांची जाळी घालून कोणी ‘अगदी अस्सल’ म्हणून विकत असेल तर हसून पुढे जा.

पायरी २: पाटीवरचे शब्द समजून घ्या

फेंडर कस्टम शॉपमध्ये ‘एनओएस’ म्हणजे न विकलेला जुना माल: समजा १९५९ साली बनली आणि कोणी हातच न लावता थेट आज तुमच्याकडे आली. चकचकीत. ‘क्लोजेट क्लासिक’ म्हणजे हौसेनं घेतली, चार दिवस वाजवली, मग कपाटात पडून राहिली. चमक जरा उतरलेली, हलक्या भेगा, एखाददुसरा ठोका. ‘जर्नीमन’ त्याच्या पुढची. मग ‘रेलिक’, ‘हेवी रेलिक’ आणि ‘सुपर हेवी’, जिच्यावर रंगापेक्षा लाकूडच जास्त. मर्फी लॅबमध्ये अल्ट्रा लाइट, लाइट, हेवी आणि अल्ट्रा हेवी अशी उतरंड. जसजसं म्हातारपण वाढतं तसतशी किंमत वाढते.

गिब्सनच्या ‘व्हीओएस’ (व्हिंटेज ओरिजिनल स्पेक) या शब्दानं मात्र बरेच जण फसतात. २००६मध्ये आलेला हा प्रकार म्हणजे झिजवलेली गिटार नव्हे. तिच्यावर ठोके नसतात, भेगा नसतात. चकचकीत नायट्रोची झळाळी जरा मारलेली असते, निकेलची चमक उतरवलेली असते, आणि कडा-कोपऱ्यांत पॉलिशचा धुरकट अंश सोडलेला असतो. मऊ कापडानं हळूहळू पुसत, पॉलिश करत गेलं की ती बऱ्यापैकी चकचकीत करता येते. अनेक जण तेच करतात. नेटवर फोटोत मळकट दिसली म्हणून व्हीओएस नाकारू नका आणि ‘एज्ड’ समजून जास्त पैसेही देऊ नका.

पायरी ३: नेक, नेक आणि नेक

आता मुद्द्याचं. बॉडी आपण बघतो. नेक तासन्‌तास हातात असतो.

चकचकीत नेक कोरड्या हाताला काचेसारखा गुळगुळीत लागतो. घामेजलेल्या हाताला तो धरून ठेवतो. पहिल्या फ्रेटवरून (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवरून) बाराव्याकडे सरकताना अंगठा मध्येच अडखळतो, कर्रर्र असा बारीक आवाजही होतो. नायट्रोचा नवा नेक यात जास्त वाईट, कारण त्याचं लॅकर अजून पुरतं कडक झालेलं नसतं. झिजवलेल्या नेकच्या पाठीवरचं फिनिश मुद्दाम मारलेलं किंवा पार काढलेलं असतं, फ्रेटबोर्डच्या कडा गोलवलेल्या असतात, आणि तो पहिल्याच मिनिटाला ओळखीचा वाटतो. रेलिकच्या प्रेमात पडलेल्या दहा जणांना खोदून विचारलं तर माझ्या अंदाजानं सात-आठ जण खरं तर या नेकच्या प्रेमात पडलेले असतात, बॉडीवरच्या ओरखड्यांच्या नव्हे.

दुकानात एक फसवणूक नकळत होते. दुकानात एसी असतो. हात पाच मिनिटांत कोरडे होतात आणि कुठलाही नेक छान वाटतो. गिटार घरी येते, मे महिना लागतो, आणि तोच नेक चिकटायला लागतो. म्हणून मुंबईत धोबीतलावला किंवा जिथं जाल तिथं जिना चढून आत शिरल्या शिरल्या, हात घामेजलेले असतानाच गिटार मागा. सलग वीस मिनिटं वाजवा, उभं राहून. बार कॉर्ड (एका बोटानं सगळ्या तारा दाबायची कॉर्ड) धरून खाली-वर सरका. दुकानदार मध्येच कापडानं नेक पुसू लागला तर त्याला राहू दे म्हणा.

झिजवलेल्या नेकचीही दुसरी बाजू आहे. उघडं मेपल (नेकचं फिकट लाकूड) हाताचा मळ पिऊन काळपट करडं होतं. जुन्या टेलिवर तो रंग देखणा दिसतो, पण तो अनेक हातांचा मळ आहे हे विसरू नये. फिनिश नसलेलं लाकूड हवेतला ओलावाही जास्त घेतं-सोडतं, त्यामुळे कोकणपट्टीत पावसाळा लागताना आणि संपताना ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या, त्याचा बाक सांभाळणाऱ्या सळीला) एखाद-दुसरा पाव फेरा द्यायची तयारी ठेवा.

आणि आता ती गोष्ट, जी कळल्यावर रेलिकचे जास्तीचे पैसे वाचू शकतात: चकचकीत नेक तुम्ही स्वतः अर्ध्या तासात मॅट करू शकता. बॉडी चकचकीत, नेक रेशमी. मी माझ्या दोन गिटारींना हेच केलंय.

कृती अशी. तारा काढा. करड्या रंगाचं, अगदी बारीक जातीचं स्कॉचब्राइट घ्या. भांडी घासायचं हिरवं नव्हे, ते फार खरखरीत. चार शून्यांचं स्टील वूलही चालतं, पण मग पिकअपवर (तारांचं कंपन उचलणाऱ्या चुंबकांवर) मास्किंग टेप लावायलाच हवा, कारण लोखंडाचा तो भुसा चुंबकांना जाऊन चिकटतो आणि निघता निघत नाही. शक्य असेल तर नेकच सोडवून बॉडीपासून दूर न्या. हेडस्टॉकची सुरुवात आणि नेकची टाच (जिथं तो बॉडीला जोडलेला असतो), दोन्हीकडे टेपनं सरळ रेघ आखा. त्या रेघेपलीकडची चमक तशीच राहू द्यायची. मग नेकच्या लांबीच्या दिशेनं, हलक्या हातानं, लांब लांब हात मारत घासा. आडवं किंवा गोलगोल अजिबात नाही. दर वीसेक हातांनी कोरड्या सुती कापडानं पुसा आणि अंगठा फिरवून बघा. हव्या त्या स्पर्शाच्या थोडं अलीकडेच थांबा. उरलेलं काम पुढच्या महिन्यात तुमचा अंगठा करील. मेपलच्या फ्रेटबोर्डच्या पुढच्या बाजूला मात्र हात लावू नका.

पॉलीच्या नेकवर हे बिनधास्त करा, थर भरपूर असतो, आणि नाही आवडलं तर पॉलिशिंग कंपाउंडनं चमक परत आणता येते. काही महिन्यांनी हाताच्या घर्षणानं ती आपसूक थोडी परततेच. तेव्हा पुन्हा दोन मिनिटं. नायट्रोवर हात आखडता ठेवा, तो थर पातळ असतो. चकचकीत गिटारची रेलिक करता येते, रेलिकची चकचकीत करता येत नाही. मन ठरत नसेल तेव्हा मी याच कारणानं चकचकीतकडे झुकतो.

पायरी ४: झीज शरीराला धरून आहे का

रेलिकच घ्यायची ठरली, तर ती गळ्यात अडकवून आरशासमोर उभे राहा. तुमचं शरीर जिथं गिटारला लागतं तिथंच झीज हवी. उजव्या हातानं वाजवणाऱ्याचा कोपरापुढचा भाग बॉडीच्या वरच्या कडेवर टेकतो, तिथला रंग आधी जातो. पाठीवर पोटाच्या उंचीला बकलाचे ओरखडे. तारांच्या खालच्या अंगाला पिकचे आणि नखांचे. खालच्या टोकाला, गिटार ॲम्पला टेकवून ठेवतात तिथं ठोके. हेडस्टॉकच्या टोकाला दारावर, झांजेच्या स्टँडवर आपटल्याचे टवके. फ्रेटबोर्ड मेपलचा असेल तर काळपट डाग पहिल्या तीन-चार फ्रेटांत आणि मधल्या भागात जास्त, एकविसाव्या फ्रेटपाशी जवळपास नाहीत.

जिथं कोणाचा हात पोचत नाही तिथंच खरवडलं असेल, सगळ्या कडा सारख्याच मापानं घासल्या असतील, तर ते काम घाईचं. खरी झीज हळूहळू विरत जाते: रंग, मग त्याखालचा थर, मग उघडं लाकूड, आणि ते लाकूडही मळून काळवंडलेलं. घाईच्या कामात रंगाला लागून एकदम पांढरंफटक कोरं लाकूड दिसतं. भेगा बघायच्या तर गिटार तिरकी करून उजेडात धरा. नैसर्गिक भेगा वेड्यावाकड्या, कुठं दाट कुठं विरळ असतात. ब्लेडनं आखलेल्या भेगा वहीच्या रेघांसारख्या दिसतात. पूर्वी चांगल्या कारागिरांनीही ब्लेड वापरलंय. आता मर्फी लॅबसारख्या ठिकाणी लॅकरच असं बनवतात की ते तापमान बदललं की आपोआप भेगाळतं.

रंगाचाही विचार करा, कारण म्हातारपणात सगळे रंग सारखे वागत नाहीत. फेंडरनं पन्नास-साठच्या दशकांत मोटारींचे रंग वापरले, त्यांवर नायट्रोचा पारदर्शक थर असे. तो पिवळा पडला की ऑलिम्पिक व्हाइटची साय होते आणि लेक प्लॅसिड ब्लू हिरवट झाक मारू लागतो. गिब्सनच्या १९५८ ते ६०च्या लेस पॉल मॉडेलवरच्या सनबर्स्टमधला लाल रंग उजेडानं उडून जाई. कोणाचा मधासारखा झाला, कोणाचा चहासारखा, कोणाचा लिंबासारखा. १९६०मध्ये न उडणारा लाल आला आणि ती गंमत संपली. रीइश्यू घेताना हा बदललेला रंग तुम्हाला आजच हवा आहे का, हे स्वतःला विचारा. ‘एज्ड ऑलिम्पिक व्हाइट’ पुढच्या वीस वर्षांत आणखी पिवळा होणार आहे. मला स्वतःला तो आजच्या आज शुभ्र आवडतो. पिवळा तो होईलच. आणि नेकवरची टिंट: मधाच्या रंगाची ठीक, पण कधीकधी ती थेट गाजरहलव्याच्या रंगाची असते. तेवढं नारिंगी जुनं मेपल मी पाहिलेलं नाही.

पायरी ५: लोखंड आणि स्क्रू

झिजवलेल्या गिटारचे धातूचे भागही आम्लाच्या वाफांनी काळवंडवलेले असतात. दिसायला झकास, पण प्रत्येक हलणारा भाग हलवून पाहा. ब्रिजच्या सॅडलचे (तारा टेकतात त्या तुकड्यांचे) बारीक षट्‌कोनी स्क्रू फिरतात का? ट्यूनरच्या चाव्या अडत नाहीत ना? आउटपुटच्या जॅकमध्ये केबल घालून हलवा, करकर येते का ऐका. गंज दिसण्यापुरता हवा, आट्यांत नको. फ्रेट मात्र रेलिकवरही नवे, गुळगुळीत असायला हवेत. फ्रेट झिजवून देणं म्हणजे टायर गुळगुळीत करून गाडी विकणं.

चकचकीत गिटार घेणाऱ्यांनी हे भाग निकेलचे आहेत की क्रोमचे एवढं पाहावं. निकेल हवेनं आणि हातानं मंदावतं, क्रोम वर्षानुवर्षं आरशासारखं राहतं. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजीला राहत असाल तर निकेल झिजवायला कुणाला पैसे द्यायची गरज नाही, खाऱ्या हवेचे दोन पावसाळे पुरतात. घरी आम्लाच्या बाटलीत स्क्रू टांगून गंजवायचे व्हिडिओ नेटवर भरपूर आहेत. संडास धुवायचं ॲसिड वापरून बंद खोलीत हा उद्योग करू नका, त्या वाफा छातीत जातात.

आवाजाबद्दल थोडक्यात

पातळ नायट्रोनं लाकूड ‘श्वास घेतं’, असं तुम्हाला सांगितलं जाईल. सॉलिड बॉडी इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप पोलादी तारेचं कंपन उचलतो. पिकअप, तारा, सेटअप (तारांची उंची वगैरेची जुळणी) आणि ॲम्प यांच्या मानानं रंगाच्या थराचा वाटा माझ्या कानांना तरी ऐकू आलेला नाही. दोन गिटारींच्या आवाजात फरक जाणवला तर तो त्या दोन लाकडांचा, दोन पिकअपांचा असू शकतो. फिनिशसाठी आवाजाचं कारण पुढं करू नका. आवडतं म्हणून घेतलं असं म्हणायला लाज कसली?

पायरी ६: पैसे, आणि पुढे विकायची वेळ

चकचकीत गिटारला नव्याचे नऊ दिवस असतात. दहाव्या दिवशी कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) हातातून निसटतो, बॉडीवर चंद्रकोर उमटते आणि तुम्ही आठवडाभर अस्वस्थ. असा स्वभाव असेल आणि गिटार रोज बसनं, लोकलनं तालमीला न्यायची असेल, तर हलकी रेलिक खरोखर मनःशांती देते. पहिला ओरखडा दुसऱ्यानं आधीच पाडून ठेवलेला असतो. हेवी रेलिकच्या बाबतीत मात्र विचार करा. विकायला काढली की गिऱ्हाइकं मोजकी, कारण एवढी झीज एकाला वेड लावते आणि चौघांना नको असते. हलकी झीज आणि चकचकीत, दोन्हींना मागणी व्यापक.

सेकंडहँड घेताना कस्टम शॉपचं प्रमाणपत्र, त्यावरचा आणि गिटारवरचा अनुक्रमांक, मूळ केस हे सगळं जुळवून बघा. साधी चकचकीत गिटार घरी घासून ‘फॅक्टरी रेलिक’ म्हणून खपवणारे असतात. घरगुती रेलिक वाईटच असते असं नाही, पण तिची किंमत मूळ चकचकीतपेक्षा कमी व्हायला हवी, जास्त नव्हे.

शिकाऊ असाल, एकच गिटार असेल, बजेट ताणून घेत असाल, तर माझं उत्तर ठरलेलं: चकचकीत पॉली, चांगला सेटअप, आणि वर सांगितल्याप्रमाणे मॅट केलेला नेक. वाचलेल्या पैशांत बरा ॲम्प येतो. दहा-पंधरा वर्षं वाजवताय, हात कुठं फिरतो ते ठाऊक आहे, आणि एक गिटार जन्मभर ठेवायची आहे, तर चकचकीत नायट्रो. रेलिक तेव्हा, जेव्हा ती विशिष्ट गिटार, तो विशिष्ट नेक हातात आल्यावर खाली ठेववत नाही. फोटोवरून रेलिक मागवू नका. दोन रेलिक सारख्या नसतात, आणि जास्तीचे पैसे तुम्ही नेमके त्या वेगळेपणाचेच देत असता.

पायरी ७: घरी आणल्यावर

नायट्रो घेतली असेल तर पहिल्याच दिवशी स्टँड तपासा. मी तपासला नव्हता. रबरी नळी चढवलेल्या स्टँडवर माझी सनबर्स्ट गिटार एप्रिल-मे असे दोन महिने उभी राहिली. उचलली तेव्हा खालच्या अंगाला दोन मऊ, चिकट खळगे पडलेले, त्यात त्या रबराची नक्षी उमटलेली. रबरातलं आणि रेक्झिनमधलं मऊपणा देणारं रसायन लॅकरमध्ये उतरतं आणि ते वितळवतं, उन्हाळ्यात लवकर. भिंतीवरच्या हँगरचंही तेच. उपाय बिनखर्चाचा: आजीच्या जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या स्टँडच्या हातांना गुंडाळा. रेक्झिनचा पट्टा गिटारला लावून केसमध्ये ठेवू नका. सुती पट्टा घ्या. गडद रंगवलेलं चामडं पांढऱ्या गिटारवर डाग सोडतं.

हाताला सॅनिटायझर किंवा डासांची क्रीम लावून नायट्रोच्या गिटारला शिवू नका. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल लॅकर धुरकट करतं आणि डीईईटी (डास पळवणारं रसायन) असलेली क्रीम ते चक्क विरघळवते. गणपतीत मंडपात वाजवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. संध्याकाळी क्रीम लावल्याशिवाय तिथं बसवत नाही, तेव्हा लावा आणि हात साबणानं धुऊन मग गिटार घ्या. पॉलीला यातलं बहुतेक काही होत नाही.

भेगाळलेल्या फिनिशवर ओलं पॉलिश, पाण्याचं कापड चालवू नका, ते भेगांतून आत उतरतं आणि कडा उचलतं. कोरडं मऊ सुती कापड, बस्स. पावसाळ्यात गिटार केसमध्ये, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा केस उघडून हवा. नाहीतर आतल्या मखमलीला बुरशी धरते. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखता आली तर उत्तम. नायट्रोचा टच-अप करायचा असेल तर तो दिवाळीनंतर. पावसाळी हवेत फवारलेलं लॅकर हवेतलं पाणी धरून दुधाळ होतं.

परदेशी राहणाऱ्यांचा प्रश्न उलटा. माझ्या मावसभावानं न्यू जर्सीत जानेवारीत गाडीच्या डिकीत रात्रभर राहिलेली नायट्रोची गिटार उबदार घरात आणली आणि आणल्या आणल्या केस उघडली. त्याला टिकटिक असा आवाज ऐकू आला आणि त्याच्या डोळ्यांसमोर बॉडीवर आडव्या भेगा धावल्या. गिटार चकचकीत घेतली होती. पाच मिनिटांत फुकटात क्लोजेट क्लासिक झाली. तो आता तिच्यावर खूश आहे, पण तुम्हाला ते नको असेल तर थंडीतून किंवा विमानाच्या पोटातून आलेली केस चार-पाच तास बंदच ठेवा. खोलीच्या तापमानाला आली की मग उघडा.